टोकाला किती पोचतं

२०१९ सालची दिवाळी शेतकऱ्याची नव्हती. दसऱ्याला पाऊस गेला असं धरून आम्ही कांद्याचं रोप टाकलं, तर लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर तो परत आला आणि मुक्कामालाच बसला. टोमॅटोच्या सऱ्या पाण्यानं भरलेल्या, रोप पिवळं पडलेलं, रानात पाय घातला की चिखल चप्पल ओढून घ्यायचा. करण्यासारखं काही नव्हतं आणि बघवतही नव्हतं. मग म्हणलं, भाऊबीजेला अक्काकडं जाऊ आणि चार दिवस तिथंच राहू. नारायणगावातनं एसटीनं आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करत कल्याण गाठलं आणि कल्याणहून लोकलनं मुलुंड.

अक्का मुलुंड पूर्वेला राहते. चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, घर पहिल्या मजल्यावर. ओवाळून झालं, जेवणं झाली, दाजी आत जाऊन आडवे झाले. अक्कानं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“बापू, तुझ्या दाजींनी सेट विकायला काढलाय.”

मला खरं वाटेना. दाजींचा सेट म्हणजे रेडिओ, पण गाणी ऐकायचा नव्हे. दाजी हॅम. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, लायसन घेऊन, स्वतःच्या घरातनं रेडिओवर बोलणारा माणूस. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, बिल नाही. आपला सेट, आपली अँटेना आणि वरचं आभाळ. अशा प्रत्येकाला सरकार एक खूण देतं. आपल्या देशातल्या खुणा व्हीयूनं सुरू होतात. धंद्याचं बोलायचं नाही, आणि लायसन नसलेल्यानं माईकचं बटण दाबायचं नाही, हे दाजींचे नियम. घरातल्या नातवंडांनासुद्धा त्यातनं सूट नव्हती.

दाजी मूळचे तारवाले. मुंबईच्या तार ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. सुट्टीला गावी आले की ओट्यावर बसून वाटीवर चमच्यानं कट्ट-कड कट्ट करत आम्हा पोरांना मोर्स शिकवायचे. मला माझ्या नावापुरतं यायचं, तेही विसरलो. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, तिथं हॅम लोकांनी सेट नेऊन निरोप पोचवले हे त्यांनी ऐकलं आणि अभ्यासाला बसले. मोर्स तर त्यांना झोपेतही येत होता. लायसन मिळालं.

ते सार्थकी लागलं २००१ साली. २६ जानेवारीला सकाळी भुज हललं, फोन बंद पडले. मुलुंडात कच्छी लोकांची वस्ती मोठी. कुणाचे आईबाप तिकडं, कुणाची लेक तिकडं दिलेली. तिकडं सेट घेऊन पोचलेल्या हॅम लोकांकडनं दाजींना निरोप मिळतात हे कुणीतरी सांगितलं आणि दुपारपासून जिन्यात माणसं उभी राहिली. अक्का सांगते, आठवडाभर घराचं दार लावलं नव्हतं. ती चहा करत होती, दाजी कानाला हेडफोन लावून वहीत नावं लिहीत होते. काहींना ‘सुखरूप आहेत’ असं सांगता आलं. काहींना दाजींनी आत नेऊन, खुर्चीवर बसवून सांगितलं. नोकरीत त्यांनी लोकांच्या दारात तार पडल्यावर काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं, ते त्या आठवड्यात पाहिलं.

असा माणूस सेट विकायला निघाला, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

“का म्हणून विकतायत?” मी विचारलं.

“कुणी उत्तर देत नाही म्हणतात. दर रविवारी सकाळी बसतात, हाका मारतात, मग बंद करून पेपर वाचत बसतात. मला काही बोलत नाहीत. पण बापू, एवढी वर्षं झाली, मला त्यांच्या पाठीवरनंही कळतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींना सरळच विचारलं. ते आधी हसले. म्हणाले, “अरे, सूर्यावरचे डाग कमी झालेत. अकरा वर्षांचं चक्र असतं ते. डाग कमी असले की आभाळाची परत पातळ होते, लांबचे आवाज पडतात. सध्या तळालाच आहे.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “आणि माणसंही कमी झाली. काही गेली, काही मोबाईलला लागली.” आणि मग आणखी थोड्या वेळानं, चष्मा पुसत, “पण बापू, मला ते ऐकू येतात. सगळे. नाशिक, सांगली, बेळगाव, स्वच्छ ऐकू येतात. मी हाक मारली की कुणी थांबत नाही. आपसात बोलत राहतात. आता एखाद्याला एकदा ऐकू आलं नाही, दोनदा आलं नाही. वर्षभर? माणसानं समजून घ्यावं.”

मी काही बोललो नाही. गावात म्हातारा पारावर आला की पोरं बोलणं बदलतात, ते मी पाहिलेलं आहे. दाजींना तसंच वाटत होतं.

सेट तपासला का विचारलं, तर त्यांनी मला खुर्चीत बसवून दाखवलंच. सेटला लागणारा करंट देणारा डबा, त्याचा व्होल्ट तेरा पूर्णांक आठ, बरोबर. मग एक छोटा डबा काढला. त्याला डमी लोड म्हणतात. ही खोटी अँटेना. सेटमधनं आलेली सगळी शक्ती पिऊन नुसता गरम होतो, आभाळात काही जाऊ देत नाही. सेट, मग मीटर, मग हा डबा असं जोडलं. बटण दाबलं की काटा बरोबर ५० वॉटवर. “बघ, सेट ठणठणीत.” मग डबा काढून खरी अँटेना जोडली आणि मीटरची दुसरी बाजू दाखवली. “ही एसडब्ल्यूआर. आपण पाठवलेल्यातलं अँटेनाकडनं किती परत येतं ते यात दिसतं. काही परत आलं नाही तर आकडा एक. तीनच्या वर गेला तर धोका. आपला किती आहे? एक पूर्णांक एक. याच्याहून चांगला कुणाचा नसेल. अँटेना जुनी होत गेली तशी मुरलीय, लोणच्यासारखी.”

सगळं बरोबर होतं. सेट बरोबर, अँटेना बरोबर. मग चूक राहिली ती माणसांत. दाजींचा हिशोब असा पूर्ण होत होता.

बाहेर पाऊस, मला करायला काही नाही. दाजींच्या वह्या काढून बसलो. हॅम माणूस प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवतो. तारीख, वेळ, कोण होतं, आवाज कसा मिळाला. दोन आकडे लिहितात. पहिला, बोलणं किती कळलं, पाचपैकी. दुसरा, आवाजात जोर किती, नऊपैकी. ‘५-९’ म्हणजे शेजारी बसल्यासारखा. आणि दाजी तारवाले असल्यामुळं दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडाही कोपऱ्यात लिहिलेला.

मी दहावी शिकलेला माणूस, मला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं. पण दुधाच्या आणि बाजाराच्या वह्या आयुष्यभर बघितल्यात, आकडे एकाखाली एक दिसले की नजर जातेच. २०१३ साली केबल बदलली तेव्हा कोपऱ्यात आकडा १.४. त्या रविवारी बोललेली माणसं बारा-तेरा, सगळ्यांचे ५-९, ५-८. २०१६ ला आकडा १.३, माणसं नऊ. २०१८ ला १.२, माणसं चार, आणि जोराचे आकडे पाच-सहावर आलेले. २०१९ च्या पावसाळ्यात आकडा १.१ आणि पुढचं पान कोरं.

मीटरचा आकडा सुधारत चालला होता आणि माणसं कमी होत चालली होती. दोन्ही एकाच चालीनं. सूर्यावरचे डाग कमी झाल्यानं माणसं कमी होतील, पण त्यानं मीटर कसा सुधारेल? आणि माणसं नाराज झाली म्हणून तरी कसा सुधारेल?

तेवढ्यात अक्का भाजी निवडत म्हणाली, “एक मात्र बरं झालंय. आधी त्या सेटची खरखर एवढी यायची की मी दार लावून घ्यायची. हल्ली कमी झालीय.”

“कधीपासून?”

“झालं असेल वर्ष-दोन वर्षं.”

आणि मला एकदम आमची पाईपलाईन आठवली.

आमचं रान नदीपासून लांब. मीना नदीच्या काठाला मोटार, तिथनं जमिनीखालनं दोन हजार फूट पाईप. एका उन्हाळ्यात टोकाला पाणी कमी पडायला लागलं. मोटारीपाशी सगळं ठीक. स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा जागेवर, आवाज नेहमीचा. मी फूटव्हॉल्व्ह बदलला, मोटार खोलून आतला पंखा बदलला, लाईट कमी येते म्हणून वायरमनशी भांडलो. भावकीतला एक जण वरून पाणी चोरतो असा संशय घेऊन त्याच्याशी बोलणं टाकलं. महिना गेला, अर्धा कांदा करपला. शेवटी ओतूरकडचे एक म्हातारे फिटर आले. त्यांनी मोटारीला हातही लावला नाही. म्हणाले, “टोकाचा व्हॉल्व्ह गच्च बंद कर आणि इकडं प्रेशरचा काटा बघ. पाण्याला जायला जागा राहिली नाही, तर काटा चढलाच पाहिजे. नाही चढला, तर मधीच कुठंतरी जातंय.” काटा चढला नाही. ओढ्याखालनं पाईप जात होता तिथं सांधा फुटला होता. पाणी वाळूत मुरून ओढ्याला लागत होतं, म्हणून वर ओल दिसली नव्हती. ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्याच्या दारात मला जावं लागलं.

मी दाजींना म्हणलं, “दाजी, वर गच्चीत जाऊन तुमच्या केबलचं टोक सोडवलं आणि इकडं मीटर बघितला, तर काय दिसायला पाहिजे?”

दाजी म्हणाले, “अँटेनाच नाही तर जाणार कुठं? सगळं परत येईल. काटा शेवटाला जाऊन आदळेल.”

“आणि नाही आदळला तर?”

दाजी माझ्याकडं बघत राहिले. तारवाला माणूस, पुस्तकं कोळून प्यायलेला. त्यांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण २०१५ पासून त्यांनी गच्ची पाहिली नव्हती. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. वर जाता येत नाही म्हणून जे खाली दिसतं तेवढ्यावर विश्वास ठेवायचा, असं होऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडं होती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं म्हणून ते कधीचे पाईप काढा म्हणत होते आणि दाजींनी त्यांना सांगून ठेवलं होतं, सेट विकला की काढतो. मी म्हणलं, दोन दिवस थांबा.

गच्चीवर शेवाळ होतं. पूर्वेला मिठागरं आणि त्यापलीकडं खाडी, वारा खारट. टाकीच्या भिंतीला जीआय पाईपचा खांब बांधलेला, त्याच्या टोकावरनं दोन बाजूंना तारा खाली ओढलेल्या, उलट्या व्हीसारख्या. प्रत्येक तार ३३ फूट. दाजी ७ मेगाहर्ट्झवर बोलतात, त्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात, आणि तार त्या लाटेच्या निम्म्या मापाची लागते म्हणून दोन्ही मिळून वीस मीटर. तारा जिथं मिळतात तिथं एक डबी आणि डबीतनं केबल खाली निघालेली. टीव्हीच्या केबलसारखीच दिसते, मधे तांब्याची तार, भोवती प्लास्टिक, त्यावर तांब्याची जाळी, वरनं काळं कातडं. सगळी मिळून ३५ मीटर. कठड्यावरनं उतरते, भिंतीनं खाली येते आणि खिडकीतनं दाजींच्या टेबलावर.

रेडिओवर वरून खाली बोलायची सोय नव्हती, मला लायसन नाही. तेव्हा मी मोबाईल कानाला लावून. दाजी म्हणाले, “मी सांगितल्याशिवाय तारेला हात लावू नको. चालू असताना टोकाला चटका बसतो.” त्यांनी सेट बंद केला, मी खांब आडवा करून डबीपाशी केबलचं तोंड सोडवलं आणि लांब उभा राहिलो. “पाच वॉटच सोडतो,” ते म्हणाले. “टोक मोकळं असताना जास्त सोडलं तर सेटला बाधतं.”

मग फोनवर नुसता श्वास.

“दाजी? काटा आदळला का?”

“एक पूर्णांक दोन,” दाजी म्हणाले.

मी टोक हातात धरून उभा होतो. केबलला पुढं काहीच जोडलेलं नव्हतं आणि खाली मीटर म्हणत होता की सगळं छान चाललंय.

मग दाजींनीच पुढचं सांगितलं. खाली ५० वॉट भरले होते तोच मीटर आणि तोच डमी लोड मी वर घेऊन आलो, केबलच्या टोकाला जोडला. खाली त्यांनी पुन्हा तेवढेच ५० सोडले. वर काटा हलला आणि पाचाच्या आतच थांबला. साडेचार असतील. पन्नासातले साडेपंचेचाळीस वाटेत गेले होते.

खाली आलो तेव्हा दाजी कागदावर आकडेमोड करत होते. मला समजेल असं सांगितलं. म्हणाले, “वाटेनं माणसं पाठवली आणि परत कुणी आलं नाही, तर आपण धरतो सगळे मुक्कामी पोचले. मीटर तेवढंच सांगतो, परत कुणी आलं नाही. वाटेत मेले ते तो सांगत नाही. जाताना केबल खाते, जे थोडं वरून परत फिरतं त्यालाही येताना खाते. म्हणून केबल जसजशी खराब होत गेली तसतसा आकडा सुंदर होत गेला. आणि मी म्हणतो, मुरलीय.”

“मग तुम्हाला ते ऐकू कसे येत होते?”

“तेही कमीच येत होते रे. पण त्यांच्या आवाजाबरोबर शहराची खरखरही तेवढीच कमी झाली. दिव्यांची, चार्जरची, टीव्हीची खरखर अँटेनातनंच येते ना. दोन्ही एकदम खाली गेले, मी आवाजाचं बटण पिळलं, झालं. त्यांच्या बाजूला मात्र त्यांची खरखर होती तेवढीच, त्यात माझा आवाज बुडाला.”

मी विचारलं, आमच्या खोडदला तीस डिशा आहेत, एकेक पंचेचाळीस मीटरची, पंचवीस किलोमीटरवर पसरलेल्या, आकाशातनं येणारा एवढासा आवाज त्या पकडतात. त्यांची केबल खात नाही का? दाजी म्हणाले, “ते शहाणे आहेत. डिशच्या तोंडापाशीच आवाज मोठा करतात आणि मग काचेच्या तारेतनं मधल्या इमारतीत नेतात. पण त्यांना फक्त ऐकायचं असतं, बापू. आपल्याला बोलायचंय.”

केबल उतरवली. वरच्या टोकाच्या जोडावर साधी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. सहा वर्षांच्या उन्हानं ती वाळून सुटली होती. तिथनं पाणी जाळीत शिरलं आणि जाळीच्याच आधारानं, वातीतनं तेल चढतं तसं, ते खाली उतरत राहिलं. कठड्याच्या कोपऱ्यावर घासून कातडंही फाटलेलं. मी कोयत्यानं मधोमध तोडली, तर टोकातनं दोन थेंब पाणी पडलं. जाळी तांब्याची दिसायला पाहिजे, ती काळी आणि मधनं मधनं हिरवी, पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशी कळकलेली. वरनं बघितलं तर केबल धडधाकट. ओढ्याखालच्या पाईपासारखीच.

दाजींनी तो तुकडा हातात घेतला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “मी सांगलीवाल्यांना मनातल्या मनात काय काय बोललो, बापू.”

शनिवारी भाच्याला सुट्टी होती. त्याला घेऊन ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर गेलो. दाजींनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, आरजी-२१३. आधीची आरजी-५८ होती, पातळ. ही अंगठ्याएवढी जाड. किंमत ऐकून मी मनात टोमॅटोचे क्रेट मोजले आणि मोजणं सोडून दिलं. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मीच घेतली. अक्का म्हणाली, साडी परवडली असती.

जोड दाजींनीच केले. टेबलाशी बसून, डोळ्याला भिंग लावून, कथिलाचा डाग दिला. हात थरथरतात, पण डाग देताना थरथरले नाहीत. पाय माझे आणि हात त्यांचे, असं काम चाललं. वर जोडताना मी माझी अक्कलही थोडी लावली. स्टार्टरच्या पेटीत आम्ही वायर वरनं घेत नाही, खालनं घेतो, म्हणजे ओघळ आत येत नाही. तशी केबल डबीच्या खाली एक वळसा देऊन मग वर नेली. पाणी वळशाच्या तळाला येऊन गळून पडतं. जोडावर ओढून गुंडाळायची रबरी पट्टी, जी आपसात चिकटून एकजीव होते, ती घातली. तिच्यावर उन्हासाठी चिकटपट्टी. कठड्याच्या कोपऱ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, केबल घासू नये म्हणून.

मोजून बघितलं. खाली ५०, वर ४३. मग अँटेना जोडली आणि दाजींनी खाली मीटर पाहिला. फोनवर मोठ्यानं हसले. “एक पूर्णांक पाच!”

“म्हणजे बिघडलं?”

“आधी होतं त्यापेक्षा वाईट दिसतंय. पण आता खरं बोलतोय. राहू दे, दीडला काही होत नाही.”

सेट चालू केला तशी खरखर पूर्वीसारखी घरभर पसरली. अक्का आतनं आली, काही न बोलता दार लावून गेली.

रविवारी, ३ नोव्हेंबरला, सकाळी दाजी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले. मी शेजारी स्टुलावर. ते लोक रविवारी ठरल्या वेळेला जमतात. एक जण पाटलासारखा असतो, तो एकेकाला बोलायला देतो. नाशिक झालं, बेळगाव झालं, सांगली झाली. कुणाच्या नातवाचं लग्न, कुणाच्या अँटेनावर झाड पडलेलं, कुणाकडं सोयाबीन भिजलेलं. शेवटी पाटील म्हणाला, आणखी कुणी राहिलंय का?

दाजींनी माईक उचलला आणि परत ठेवला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मग उचलला, बटण दाबलं, आपली खूण सांगितली, दोनदा, तारवाल्याच्या सवयीनं एकेक अक्षर तोडून.

दोन-तीन सेकंद नुसती खरखर. तेवढा वेळ मला टोकाचा व्हॉल्व्ह उघडून पाण्याची वाट बघितल्यासारखा वाटला.

आणि मग एकदम तिघं-चौघं एकमेकांवर बोलायला लागले. पाटलानं सगळ्यांना गप्प केलं आणि सांगलीवाल्यांना दिलं. ते म्हणाले, “अहो, होतात कुठं तुम्ही? आम्हाला वाटलं गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सेट बंद केलात. दर रविवारी खाली काहीतरी कुजबुजल्यासारखं यायचं, कोण ते कळायचं नाही. दोन-तीनदा विचारलंसुद्धा, कोण आहे, कोण आहे म्हणून. बाकी आवाज पाच-आठ. छान पोचताय.”

दाजींना तो प्रश्न ऐकू आला असणार. ‘कोण आहे’ हे आपल्यासाठी आहे, असं त्यांना वाटलं नसेल. ज्याला वाटतं आपल्याला टाळतायत, त्याला हाक मारली तरी दुसऱ्यालाच मारली असं वाटतं. मी भावकीतल्या त्या माणसाच्या बाबतीत हेच केलं होतं.

त्या दिवशी वहीत अकरा नावं लिहिली गेली. दुपारी दाजींनी सेक्रेटरींना फोन करून सांगितलं की पाईप राहणार, वॉटरप्रूफिंगच्या वेळी माझा मेहुणा येऊन खांब उचलून धरील. मला विचारलं नाही, पण मी आलो असतोच. आणि आलोही.

सोमवारी घरी आलो. कांद्याचं रोप गेलंच होतं, पुन्हा टाकलं. त्या जुन्या केबलचा हातभर तुकडा मी मागून आणला होता, तो मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारी खिळ्याला टांगलाय. नवा गडी विचारतो हे काय, तेव्हा त्याला सांगतो, मोटार चालते का ते नंतर बघ, आधी टोकाला जाऊन ये.

आता दरवर्षी भाऊबीजेला माझं काम ठरलेलं आहे. ओवाळणीच्या आधी गच्चीवर जायचं, पट्टी बघायची, केबलचं टोक सोडवायचं आणि फोन लावायचा. खाली दाजी पाच वॉट सोडतात आणि काटा शेवटाला जाऊन आदळतो. “आदळला,” असं ते म्हणतात, आणि त्यांच्या आवाजावरनं मला दिवाळी आल्याचं कळतं. मग मी टोक जोडून खाली येतो.